पेल्याचा काठ

मला अजूनही कुणाच्या घरी चहा प्यायचा कंटाळा येतो. चहाचा नाही, कपाचा. कप हातात आला की आधी मी बघते, बाकीच्यांना कोणते दिलेत. टवका उडालेला कप नेमका माझ्याच वाट्याला आलाय का, हे बघून झाल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही. सत्तरी उलटली, गुडघे गेले, दात गेले, ही खोड तेवढी राहिली. तिच्याबद्दल दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयही मला नाही, कारण जे सांगायला बसले आहे त्यात पेले मांडणारी मीच होते.

आम्ही मूळचे पेठ वडगावच्या बाजूचे, मांगवाड्यातले. आबा, म्हणजे माझे वडील, वाखाचे दोर वळायचे. मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, पाळण्याच्या दोऱ्या. दोर सगळ्यांना चालायचा, वळणारा मात्र उंबऱ्याच्या बाहेर. तहान लागली तर पाणी वरून ओंजळीत पडायचं. ते कसं प्यायचं हे मला आबांनीच शिकवलं. हात असे जोड, कोपरं खाली घे, तोंड पुढं न्यायचं नाही, भांड्याला शिवायचं नाही. वाढणाऱ्या बाईच्या बांगड्यांकडं बघत राहायचं, म्हणजे धार कधी येणार ते कळतं. मी चटकन शिकले. आबा कौतुकानं आईला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. एक थेंब सांडला न्हाय."

आबा ख्रिस्ती का झाले याची लोकांनी पुष्कळ कारणं सांगितली. धान्य मिळालं, कापड मिळालं, पोरीला शाळा मिळाली. आबा स्वतः एकच कारण सांगायचे, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्या आवाजातच पाठ आहे. ते कोल्हापुरात दोर विकायला गेले होते. मिशनच्या देवळाच्या दारात उभे राहिले. आत प्रभुभोजन चाललं होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्या मंडळीनं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, असा तो विधी. एक मोठा पांढऱ्या धातूचा पेला, दोन्ही हातांत धरावा लागेल एवढा, माणसांतून फिरत होता. अमेरिकेचा गोरा साहेब प्याला, मग त्याच पेल्यानं जन्मानं ब्राह्मण असलेले एक मास्तर प्याले, मग कुणी मुसलमान घरातला कंपाउंडर, मग एक महार म्हातारा. पुढच्या वर्षी आबांचा बाप्तिस्मा झाला आणि पेला त्यांच्याही हातात आला.

"सायबाचं उष्टं म्या प्यालो, त्येचं काय न्हाय," आबा म्हणायचे. "उष्टं तर आमी जलमभर खाल्लं. पर माझ्या मागनं एक बामणाची बाई प्याली. काठ पुसला न्हाय. म्या बघत व्हतो. पुसला न्हाय."

एवढंच त्यांचं कारण. बायबलातलं बाकी सगळं ते या एका गोष्टीच्या मागनं शिकले.

मी मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथंच मास्तरीण झाले. कंपाउंडच्या भिंतीलगत एक खोली मिळाली. आईआबा माझ्याकडं राहायला आले. मास्तरणीला नवरा मिळणं सोपं नव्हतं, त्यामुळं खोलीत आम्ही तिघंच. आबा ओट्यावर बसून दोर वळत. पुढं कोल्हापूरच्या महाराजांनी चावडीवरची हजेरी बंद केली. आमच्या जातीच्या माणसानं चोरी केलीच असणार असं धरून रोज चावडीवर बोलावून मोजत, ती हजेरी. आबा नुसते गावी गेले तरी ती त्यांना चुकत नसे. ती बंद झाल्याचं कळलं तेव्हा आबांनी साखरेचा शिरा करायला लावला आणि बुधवारच्या प्रार्थनेत महाराजांच्या आयुष्यासाठी इतका वेळ मागणं केलं, की साहेबांच्या बायकोच्या, मडमसाहेबांच्या, पायाला मुंग्या आल्या.

त्याच सुमाराला मानमोडीच्या तापाची साथ आली. सकाळी धडधाकट असलेलं माणूस दुसऱ्या दिवशी नसे. आई पाच दिवसांत गेली. तिला मिशनच्या कबरस्तानात पुरलं. माती लोटून झाल्यावर आबांनी कमरेची दोरी सोडली, आईच्या उशाशी धरली, शेजारची मोकळी जागा मोजली आणि दोरीला दोन गाठी मारल्या. "ही माझी," म्हणाले. ती दोरी त्यांनी खुंटीला टांगून ठेवली. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवत, जशी कुणी जमिनीची सनद दाखवावी.

तापानं सगळे हादरले होते. मडमसाहेब डॉक्टरीतलं थोडं जाणत. एका पेल्यातून सगळ्यांनी पिणं आता नको, असं त्यांचं मत पडलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. त्यांच्या माहेरच्या मंडळीकडून भुशात बांधलेली एक पेटी आली. तिच्यात अंगठ्याएवढे काचेचे पेले. येताना बरेच फुटले होते. उरले ते निम्म्या मंडळीला पुरतील एवढे. म्हणून उरलेल्यांसाठी गावातल्या तांबटाकडून अंगठ्याएवढ्याच पितळेच्या वाट्या करून घेतल्या, आतून कल्हई लावून. सुतारानं भोकं पाडलेली दोन ताटं केली. मोठा पेला फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. कपाटाची किल्ली माझ्याकडं असे, कारण मनुका भिजवून, कुस्करून, गाळून द्राक्षरस करायचं काम माझं होतं.

पहिल्या रविवारी मडमसाहेब मला एवढंच म्हणाल्या, "जेवढे आहेत तेवढे भरा." याच्यापुढं एक अक्षर नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढं यावरून पुष्कळ झालं. मी भरले. काचेचे सगळे एका ताटात लावले, पितळेचे दुसऱ्यात. आणि ताटं न्यायला आलेल्या मंडळीच्या पंचांना म्हणाले, "हे बाकांना, हे सतरंजीला."

आमच्या देवळात पुढं बाकं होती, मागं सतरंजी. कोण कुठं बसायचं असा नियम नव्हता. साहेब, मडमसाहेब, पाळक, मास्तर, कंपाउंडर, बायबल शिकवणाऱ्या बाया बाकांवर बसत. गावाकडून आलेले, मांगवाड्यातले, महारवाड्यातले सतरंजीवर. मी मास्तरीण, मी तिसऱ्या बाकावर. आबा सतरंजीवर. मी काचेच्या पेल्यातून प्याले. मागं वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर आबांनी पागोटं काढून ठेवलं. म्हणाले, "म्या आज न्हाय घेतलं."

"का?"

"तुला काच, मला पितळ. एका घरात दोन पंगती? ह्ये सायबानं बरं न्हाय केलं."

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. साहेबांनी काही केलेलं नाही, हे सांगायला तेव्हा एक श्वास पुरला असता. तो मी घेतला नाही. नंतर तो रोज लांबत गेला.

आता बुधवारच्या प्रार्थनेचं सांगते. बुधवारी दिवेलागणीच्या आधी साहेबांच्या बंगल्याच्या पडवीत सगळे गुडघे टेकून बसत, डोळे मिटत, आणि ज्याला जसं सुचेल तसं मोठ्यानं मागणं करीत. एकाचं आमेन झालं की दुसऱ्यानं सुरू करायचं. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. ही चाल साहेबांनीच घालून दिली होती. साहेबाच्या तोंडावर बोलायची आमच्यातल्या कुणाची छाती नव्हती. पण देवाशी बोलताना साहेब शेजारीच गुडघ्यांवर असला तर त्याला ऐकावंच लागे. छप्पर गळतंय, पगार उशिरा होतोय, हे सगळं आम्ही स्वर्गाच्या पत्त्यावर धाडत असू आणि ते बंगल्यात पोचत असे.

आबांनी ती वाट धरली. "परभू," ते सुरू करत, आणि मला घाम फुटे. "तू एका पेल्यानं समद्यास्नी पाजलंस. तुझ्या घरात आता दोन केल्यात. महाराज आमच्यातल्या माणसाच्या हाटेलात बसून च्या पित्यात, सगळ्या कोल्हापूरला ठावं हाय. आन् हितं तुझ्या नावानं पितळ. ज्यानं ह्ये केलं त्येला समज दे. आमेन."

सगळे आमेन म्हणत. मीही म्हणे.

मग साहेब आपल्या पुस्तकी मराठीत देवाला सांगत, "हे दयाळू पित्या, आमच्यापैकी ज्यांची मनं लहान गोष्टींनी दुखावली आहेत त्यांना धीर दे. रोगापासून रक्षण व्हावं म्हणून जे केलं ते भेदासाठी केलं नाही, हे त्यांना उमजू दे." पुढच्या बुधवारी आबा देवाला कळवत की लहान गोष्ट कोणती आणि मोठी कोणती हे सतरंजीवर बसून जास्त नीट दिसतं. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. वाटेत भेटले तर साहेब टोपी काढत, आबा हात जोडत. भांडण सगळं देवाच्या मार्फत. हे तीन वर्षं चाललं. देवाचं मला माहीत नाही, मी पार दमून गेले होते.

तीन-तीन महिन्यांनी प्रभुभोजन येई, आणि मी तशीच ताटं लावी. बदललं असतं तर आधीचं कुणी केलं हे उघड झालं असतं. साहेबांना वाटे पंचांनी ठरवलं, पंचांना वाटे मडमसाहेबांनी, मडमसाहेबांना बहुतेक काहीच वाटत नसे. आबा ताट पुढं आलं की हात मांडीखाली घेत.

पण मंडळीचा एक नियम होता. वर्षभर जो प्रभुभोजन घेणार नाही त्याचं नाव वहीतून कमी करायचं. आणि वहीत नाव नसलेल्याला कबरस्तानात जागा नाही. साहेबांनी दोन वर्षं ते टाळलं. तिसऱ्या वर्षी पंच अडून बसले. एकाला सूट दिली तर सगळेच रुसतील, म्हणाले. घरी येऊन त्यांनी आबांना तसं सांगितलं. आबांनी खुंटीवरच्या दोरीकडं बघितलं. पंचांना म्हणाले, "बायकोच्या शेजारी निजायला पितळ प्यावं लागतंय व्हय?" ते गेल्यावर बराच वेळ ते दोरीच्या गाठी चाचपत बसले. त्यांचे डोळे भरून आलेले मी आईच्या वेळी पाहिले होते आणि त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आबा कंपाउंडच्या भिंतीकडेनं दोराला पीळ घालत होते. त्याला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरून मागं मागं जायचं, दुसऱ्यानं पीळ देत राहायचा. टोक माझ्याकडं होतं. आमच्यात वीस हातांचं अंतर, आणि आबांना ऐकू कमी यायचं. जे कानात सांगायचं ते मला आरडून सांगावं लागलं.

"आबा, ती ताटं सायबानं न्हाय लावली!"

"आं?"

"ती मी लावली! पैल्या दिवसापास्नं मीच लावते!"

त्यांचा हात थांबला. "सायबानं सांगितलं तुला?"

"न्हाय!"

"मडमनं?"

"न्हाय! कुणीच न्हाय! आपसूक हात गेला!"

माझ्या हातातलं टोक सुटलं. ताणलेला दोर उलगडत, वेटोळी घेत त्यांच्या पायाशी जाऊन पडला. सगळा पीळ वाया गेला. आबांनी तो गोळा केला नाही. खाली बसले. मी जवळ गेले तेव्हा ते स्वतःच्या तळव्यांकडं बघत होते.

"बांगड्यांकडं बघायला म्याच शिकिवलं की तुला," म्हणाले.

त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या बुधवारी आबा नेहमीच्या जागी गुडघ्यांवर बसले. "परभू, तीन वरसं म्या चुकीच्या दारात वराडलो. सायबाला सोड. ज्या हातानं ताटं येगळी केली त्यो हात माझ्या घरातला हाय, आन् त्येला वळण म्या लावलं. आता न्याव कुणाकडं मागायचा त्ये तूच सांग. आमेन."

कुणी आमेन म्हणालं नाही. मग साहेब बोलले, आणि त्या दिवशी त्यांची मराठी अडखळली. "पित्या, मी पहिल्याच रविवारी पाहिलं होतं. दोन ताटं दोन बाजूंना गेली. मी पाहिलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं सोपं होतं."

हे ऐकून मला वाटलं, सुटलो. पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होतं. मी सकाळीच कपाट उघडलं आणि मोठ्या हौसेनं पंचांना सांगितलं, "काच सतरंजीला, पितळ बाकांना." बाकांवर नुसती चुळबुळ. पाळकांच्या बायकोनं वाटी दोन बोटांनी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मी माझी वाटी हातात धरून मागं बघितलं. आबांपुढं काच आली होती. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

घरी मी चिडूनच विचारलं, आता काय झालं?

"उलटं केलंस, पोरी. येगळं त्ये येगळंच ऱ्हायलं."

संध्याकाळी मडमसाहेबांनी मला बोलावून अगदी मायेनं सांगितलं, की लोकांना सवय झालेली असते, तुम्ही पूर्वीसारखंच लावत जा. तोपर्यंत जे फक्त माझ्या हातात होतं त्याचा आता हुकूम झाला. पंचांची सभा भरली. साहेबांचं एक मत, बाकीची पाच. आबांचं नाव वहीतून गेलं. आबांनी ऐकून घेतलं आणि त्या रात्री जेवले नाहीत.

पावसाळ्यात त्यांना खोकला लागला तो छातीत बसला. थुंकीत रक्त दिसू लागलं तेव्हा क्षय झालाय हे मला कळलं, त्यांनाही. ते काही मागत नसत. पडल्या पडल्या खुंटीकडं बघत असत.

एका दुपारी पाऊस थोडा उघडला होता. साहेब छत्री टेकत आले. तेही म्हातारे दिसू लागले होते. आजाऱ्यांसाठी असते ती लहान पेटी त्यांनी आणली होती, तिच्यात एकच काचेचा पेला. नाव कमी झालेल्या माणसाकडं ती पेटी आणायचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी पेटी उघडली. आबांनी पेल्याकडं पाहून मान फिरवली.

मी उठले, देवळात गेले, कपाटातून मोठा पेला काढला. फडकं मळून गेलं होतं. पेला तसाच पदराखाली घेऊन आले आणि साहेबांपुढं ठेवला. मग रोग, नियम, पंच यांतलं काहीही न बोलता त्यांनी पेटीतल्या बाटलीतला सगळा रस त्यात ओतला, लहानसं मागणं केलं आणि पेला आबांच्या ओठाला लावला. आबा प्याले. पेला त्यांनीच दोन्ही हातांनी धरला आणि साहेबांपुढं केला.

मी साहेबांकडं बघत होते. आबाही बघत होते. साहेब प्याले. काठ पुसला नाही.

आबांच्या तोंडावर हसू आलं. चार वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. साहेबांनी पेला माझ्याकडं दिला. "घे," आबा म्हणाले.

मी पेला घेतला. काठाला ओलसर डाग होता. माझ्या मनात त्या वेळी फक्त आनंद होता, हे मी शपथेवर सांगते. मी पेला उचलला, पदराचं टोक घेतलं आणि काठ पुसला. पुसून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. आबांचे डोळे माझ्या हातावर होते.

"आबा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पी आता. हाताला येळ लागतोय."

साहेबांनी त्याच दिवशी वहीत आबांचं नाव स्वतःच्या अक्षरात परत लिहिलं. पंचांशी त्यांनी काय केलं मला माहीत नाही. आठवड्यानं आबा गेले. खुंटीवरची दोरी काढून मी जागा मोजून दिली. दोन्ही गाठी बरोबर बसल्या.